वाघनखाचं आजोळ

आमच्या घरातल्या वाघनखाला वयाच्या सेहेचाळीस वर्षांपर्यंत मी एकदाही हात लावला नव्हता, आणि याचा राग मला अजून आहे. तशी मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. एसटीत कंडक्टर आहे, परभणी डेपो. दारू पिऊन बरळणाऱ्याला मी भर रस्त्यात गाडी थांबवून खाली उतरवलेलं आहे आणि पुढाऱ्याच्या भाच्याला मुकाट्यानं पूर्ण तिकीट घ्यायला लावलेलं आहे. पण खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडली की माझे हात आपोआप पाठीमागं जायचे. लहानपणी एकदा बोट लावायला गेले तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, अशी काही थोबाडीत दिली की ती आठवण गालातच राहिली.

आमचं गाव झरीच्या पलीकडं. पाटावर कुऱ्हाड, विळे, खुरपी, पान्हे, भावाच्या ट्रॅक्टरची चावी आणि मला नोकरी लागल्यापासून माझा तिकिटाचा पंच. या सगळ्यांच्या मधोमध लाल फडक्यावर वाघनख. पंचाला हळदकुंकू मी वाहायचे, पण शेजारच्या वस्तूला नाही. "त्यानं माणसाचं रक्त पिलंय. बायांनी शिवायचं न्हाई," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य.

दिसायला ते असं होतं: तळहाताएवढी लाकडाची पातळ फळी, तिच्या एका कडेला रोवलेलं बोटभर लांबीचं लोखंडी पातं आणि फळीच्या आरपार आडवी गेलेली बांबूची नळी, करंगळीएवढ्या जाडीची. नळी मुठीत धरली की पातं बोटांच्या फटीतून जेमतेम बाहेर येतं आणि लांबून हात रिकामा वाटतो. आता मुठीत लपणारं पातं मराठी माणसाला दाखवलं, तर तो दुसरं काय म्हणणार? वाघनखच म्हणणार. वर्षानुवर्षांच्या तेला-कुंकवानं त्यावर लाल-काळी साल चढली होती. त्या सालीखाली लाकडावर उर्दूसारखी अक्षरं कोरलेली आहेत, हे अण्णांनी त्यांच्या लहानपणी पाहिलेलं. त्यावरूनच सगळी कथा उभी होती.

कथा अशी. रझाकारांच्या काळात गावावर धाड आली. आमच्या आजोबांनी, आबांनी, एका रझाकाराच्या मुठीतून हे वाघनख हिसकावलं आणि त्याच्याच पोटात घातलं. अण्णा दर दसऱ्याला हे सांगायचे. मी पहिलीत होते तेव्हा रझाकार एक होता, मी दहावीला जाईपर्यंत ते तीन झाले होते आणि त्यांच्याकडं घोडेही आले होते. आबा जिवंत होते तोवर ओसरीवर बसून हे ऐकायचे. कथा सुरू झाली की दोन मिनिटांत उठायचे, "बैलाला पाणी दावतो" म्हणायचे आणि गोठ्यात जायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा किती विनयी! स्वतःचं कौतुक ऐकवत नाही बिचाऱ्याला. आबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते.

आता आत्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण हे सगळं तिचंच आहे.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, सावत्र. आबांच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती बायको पटकीच्या साथीत गेली, तिचं माहेरचं सगळं गावच साथीत संपलं, असं आमची आजी सांगायची. आजी म्हणजे आबांची दुसरी बायको. आत्या ताडकळसला दिलेली. आज तिचं वय ऐंशीच्या पुढं, नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. नाक बसकं, डोळे बारीक, गालाची हाडं वर आलेली. गावातल्या बाया तिला तोंडावर "नेपाळीण" म्हणायच्या आणि ती हसून सोडून द्यायची. एक गोष्ट मात्र तिनं कधी सोडली नाही. तिला आजोळ नव्हतं.

ज्याला आजोळ आहे त्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी पोरं मामाच्या गावाला जायची तेव्हा ही एकटी गावात. लग्नात नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं, तर हिला शेजारच्या एका गृहस्थानं आणलं. माझ्या लग्नात माझा मामा मला घेऊन निघाला तेव्हा आत्या मागच्या दारी जाऊन रडली. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "माझ्या लग्नात मामा भाड्याचा व्हता गं." मी नवरीच्या साडीत होते, मला तेव्हा हसू आलं. त्या हसण्याची मला लाज वाटते.

तिनं आबांना आयुष्यभर विचारलं, माझ्या मायचं नाव काय, गाव कोणतं. आबांचं उत्तर एकच असायचं: "लांब हाय, बाई. लय लांब हाय." नावाचं विचारलं की उठून जायचे. आत्याला स्वतःला आठवत होतं ते इतकंच, की माय पाण्यात उभी आहे, घोट्याच्या वर पाणी, आणि वाकून काहीतरी खुडायलीय. हे ती सांगायला लागली की सगळे तिची टर उडवायचे. ज्वारी-कापसाच्या या मुलखात कोण बाई पाण्यात उभी राहून खुडायलीय? आजी म्हणायची, सपान पडलं असंल. अण्णा म्हणायचे, शिंगाडे काढत असंल. मीही हसलेली आहे, खोटं कशाला बोलू?

सर्वपित्रीला आत्या पानावर सगळ्यांच्या नावानं घास ठेवायची. सासू, सासरा, नवरा, आबा, आजी, अण्णा. शेवटी एक घास बिननावाचा. "त्या बाईला," म्हणायची. गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखून तिला परभणीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी उशाशी बसलेले. डोळे मिटूनच म्हणाली, "मरायचं काय न्हाई गं. पण वर गेल्यावर मायला हाक कशी मारू? नावच म्हाईत न्हाई." मी तिला दटावलं, असलं अभद्र बोलू नको म्हणून. दुसरं काय करणार होते?

आता वाघनखाकडं येते. यंदा गावात ठरलं की सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाला, मुक्तिसंग्राम दिनाला, आबांचं वाघनख ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवायचं. भावाला, म्हणजे माझ्या धाकट्याला, आकाश ठेंगणं झालं. त्यानं आबांच्या फोटोचा फ्लेक्ससुद्धा छापून आणला. फक्त सरपंच म्हणाले, पेटीखाली पाटी लावायची तर वस्तू कुठली, किती जुनी, हे कुणा जाणकाराकडून लेखी आणा. भावानं चौकशी केली. हैदराबादला एक म्हातारे गृहस्थ जुन्या हत्यारांचे जाणकार म्हणून कळले, संग्रहालयातली नोकरी करून निवृत्त झालेले. फोटो पाठवला, तर ते म्हणाले, फोटोवर सांगत नाही, वस्तू आणा.

भावाची सोयाबीनवर फवारणी चाललेली. मला साप्ताहिक सुट्टी होती, वर एक रजा टाकली. "अक्का, तूच जाऊन ये," म्हणाला. स्वतः वाघनख फडक्यात गुंडाळलं, स्टीलच्या डब्यात घातलं, डब्याला सुतळी बांधली आणि मला बजावलं, "डबा उघडू नको. ते काढतील त्यांच्या हातानं." मी म्हणाले, "मी न्यायचं, पण शिवायचं नाही. वा रे वा!" तो म्हणाला, "अक्का, आता वर्षाच्या सणाला भांडू नको." त्याचा सण, म्हणजे सतरा तारीख, अजून पंधरा दिवस लांब होती.

हैदराबादला सकाळी पोहोचले. म्हाताऱ्यांचं घर जुन्या वस्तीत, दोन खोल्यांचं, आणि दोन्ही खोल्यांत भिंतीभर कट्यारी, जंबिये, तलवारी. ते बोलत होते हैदराबादी हिंदीत, आमच्या परभणीच्या बाजारात ऐकू येते तशीच, त्यामुळं मला परकं वाटलं नाही. मी इथं मराठीतच सांगते. चहा आला. त्यांनी सुतळी सोडली, फडकं उलगडलं, वस्तू उजेडात धरली आणि उलटसुलट करून बघितली. मग कापसाला कसलंसं तेल लावून हलक्या हातानं ती साल पुसायला लागले. अर्धा तास पुसत होते. आमच्या सत्तर-पंच्याहत्तर दसऱ्यांचं कुंकू त्या कापसावर आलं. मला ते बघवेना. खालून फिकट, गुळगुळीत लाकूड निघालं आणि त्यावर बारीक वेलबुट्टी.

त्यांनी वस्तू माझ्यापुढं केली. "धरा."

मी हात मागं घेतले. "आमच्यात बायांनी हात लावायचा नसतो."

ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, सुनेनं पाणी आणून दिलं. मला राग आला. एवढा रेल्वेचा प्रवास करून मी काय हसू करून घ्यायला आले होते? डोळे पुसून ते म्हणाले, "माफ करा, बेटी. पण याला बाईशिवाय कुणी हात लावतच नाही. हे हत्यार नाही. हा विळा आहे. भात खुडायचा, बायकांचा."

मी म्हणाले, "काहीतरीच!"

खरंच असंच म्हणाले. दुसरा शब्दच सुचला नाही. त्यांनी नळी माझ्या तळहातात ठेवली आणि बोटं मिटवली. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पातं दोन बोटांच्या मधे आलं. "आता बघा," ते म्हणाले, "एवढ्या पात्यानं माणसाचा फार तर सदरा फाटेल. पण लोंबीची काडी मधल्या बोटांनी पात्यावर ओढा, टच्‌कन तुटते. एकेक लोंबी. तुमच्याकडं ज्वारीची कणसं खुडतात तसंच, फक्त विळा छोटा." तिकडच्या बायका असं मानायच्या, की भातात जीव असतो, मोठं पातं दिसलं तर तो घाबरून निघून जातो, म्हणून पातं मुठीत लपवायचं.

मी त्या मुठीकडं बघत राहिले. आमच्या घरात जे पातं रझाकाराच्या पोटात गेलं होतं, ते भाताला भीती वाटू नये म्हणून लपवलेलं होतं. अण्णांची थोबाडीत आठवली. आणि एकदम असा संताप आला की हे ऐकायला अण्णा जिवंत असायला पाहिजे होते.

"तिकडच्या म्हणजे कुठल्या?" मी विचारलं.

ते म्हणाले, असे विळे जावात, सुमात्रात, मलायात, सगळीकडं होते. भात सगळीकडं असेच खुडायचे. त्यांनी स्वतःकडचे दोन काढून शेजारी ठेवले. एकाची फळी वेगळी, दुसऱ्याला बांबूऐवजी लाकडी दांडी. आपला मलायाकडचा वाटतो, म्हणाले, पण नुसत्या आकारावर मी छातीठोक सांगणार नाही. मग भिंग घेतलं आणि कोरलेली अक्षरं वाचायला लागले. अक्षरं अरबी वळणाची, पण भाषा उर्दू नाही. मलायातले लोक त्यांची भाषा पूर्वी याच अक्षरांत लिहायचे. दोनच शब्द होते. दुसऱ्याचा अर्थ 'हिची वस्तू'. आणि पहिला शब्द म्हणजे एका बाईचं नाव.

त्यांनी नाव वाचून दाखवलं. मी डायरीत मराठीत लिहून घेतलं.

मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, "घरात कुणी निजामाच्या फौजेत होतं का?"

"छे!" मी म्हणाले. "आमचे आबा तर रझाकारांशी लढले. त्याच्या आधी काही वर्षं पूर्णेला रेल्वेत होते, असं सांगतात."

"कोणती वर्षं?"

मी बोटांवर मोजायला लागले आणि मोजता मोजता थांबले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. आबांचा पूर्णेचा एकही सोबती कधी घरी आला नव्हता. रेल्वेतल्या माणसाच्या घरात असते तशी एक पितळी बिल्ल्याची निशाणीसुद्धा नव्हती.

ते म्हणाले, "निजामाच्या काही पलटणी त्या लढाईत मलायात पाठवल्या होत्या. जपान्यांनी त्यांना पकडलं, लढाई संपल्यावर उरलेले परत आले. त्यांच्या पेट्यांतून खंजीर पुष्कळ आले, माझ्या भिंतीवरच दोन आहेत. पण विळा मी पहिल्यांदा बघतोय. शिपाई माणूस विळा कशाला आणेल?"

सुनेनं दुसऱ्यांदा चहा आणला होता, मी तो बशीत ओतला. ते आपल्याच नादात बोलत होते, की भाताची सुगी म्हणजे केवढं कष्टाचं काम, बायका दिवसभर चिखलात, पाण्यात उभ्या राहून, वाकून एकेक लोंबी खुडतात...

माझ्या हातातून बशी पडली. फुटली नाही, पण चहा सगळा त्यांच्या सतरंजीवर. घोट्याच्या वर पाणी, आणि वाकून काहीतरी खुडायलीय. ऐंशी वर्षं ही बाई खरं सांगत होती आणि आम्ही, आम्ही सगळे, तिला शिंगाडे काढायला लावत होतो!

परतीच्या गाडीतून भावाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडं त्यानं फवारणीचा पंप बंद केला.

"म्हंजे आबा निजामाच्या फौजेत व्हते?"

"हो."

"आन् ती बाई... नावावरून..."

"हो. मुसलमान होती. पुढं बोल."

"अक्का, तुझ्या पाया पडतो. सतरा तारीख होऊ दे. फ्लेक्स छापलाय मी. गावात तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई. कुणाला बोलू नको. आत्याला तर अजिबात न्हाई. या वयात झेपायचं न्हाई तिला."

"तिला झेपायचं नाही, का तुला?" मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पण खरं सांगते, तो सगळंच चुकीचं बोलत नव्हता. आत्या माळकरी बाई, देवाधर्माची. छातीचं दुखणं. कळलं आणि धक्क्यानं तिथंच गेली तर? आणि न कळता गेली तर? परभणी येईपर्यंत मी या दोन्हींच्या मधे लोंबकळत होते. स्टेशनवर उतरले, घरी गेलेच नाही. स्टँडवर ताडकळसची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर ओळखीचा. "ड्युटीवर न्हाईस, मग कशाला?" म्हणाला. मी म्हणाले, "गप गाडी चालव."

आत्या अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होती. दोन दिवस पाऊस होऊन गेलेला, अंगणाच्या कडेनं गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, त्याला तुरे आलेले. मला बघून तिचा चेहरा उजळला. "आज तुझी गाडी न्हाई, मग कशी आलीस? जेवलीस का?"

बसमध्ये मी वाक्यं जुळवत आले होते. आधी हे सांगू, मग ते. तिच्यासमोर एकही आठवेना. मी डबा उघडला, विळा काढला आणि तिच्या हातात दिला. पुसल्यामुळं तिनं ओळखला नाही. उलटसुलट केला, नळी तळहातात घेतली, बोटं मिटवली. मग खाटेवरून वाकली, गवताचा एक तुरा बोटांत धरला आणि ओढला. टच्‌. दुसरा. तिसरा. तीन तुरे तिच्या मुठीत.

"खुडायचा ईळा हाय की," ती म्हणाली. "किती सोपा चालायलाय गं! लय हुशार बाईचा असंल. कुणाचा हाय?"

किती वेळ लागला होता तिला? मिनिटसुद्धा नाही. जन्मभर ज्वारी खुडलेला हात तो. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईच्या हातात हे एकदा, एकदाच, दिलं असतं, तर तिनं पाटावरून उचलून विचारलं असतं, अहो हा विळा इथं कशाला ठेवलाय? पण आमच्यात तर पुरुषांनी पुजायचं आणि बायांनी लांब उभं राहायचं.

"आत्या," मी म्हणाले, "हे आपलं वाघनख."

तिचा हात थांबला.

मग मी सांगितलं, तोडकंमोडकं, मागचं पुढं करून. पाणी, भात, पलटण, मलाया. मधे मधे मलाच रडू येत होतं आणि ती मात्र डोळे न हलवता माझ्या तोंडाकडं बघत होती. मला भीती वाटायला लागली. मी तिची नाडी धरली. तिनं हात सोडवून घेतला.

"मी पाच वर्सांची असंन," ती म्हणाली. "आबाच्या पेटीतून हे काढून खेळायले व्हते. तुझी आजी आली. तिला ठावं असणार, कुणाचं हाय ते. हिसकायला लागली, चुलीत घालते म्हनली. आबा धावत आला. तिला म्हनला, 'तू हात लावायचा न्हाई याला.' आन् देव्हाऱ्यावर वर नेऊन ठिवलं. देवाजवळचं कोण चुलीत घालतंय?" तिनं विळ्यावरून बोट फिरवलं. "ते तिला म्हनला व्हता गं. मला न्हाई."

तिथून पुढचं आम्ही दोघींनी मिळून जुळवलं. लढाई संपल्यावर आबा लेकीला आणि विळ्याला घेऊन परत आले असणार. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर त्याच्या फौजेतला माणूस म्हणून मिरवायची सोय राहिली नाही, तिथं पूर्णेची रेल्वे आली. देव्हाऱ्यावरच्या वस्तूवर उर्दूसारखी अक्षरं बघून कुणीतरी विचारलं असणार, रझाकाराचं हिसकावलं काय? आबा गप्प बसले. गप्प बसणंच सोयीचं होतं. मग ती गप्प बसण्याची कथा झाली आणि अण्णांनी तिला घोडे जोडले. त्या बाईचं पुढं काय झालं, ती लढाईत गेली, तापानं गेली का मागं राहिली, हे सांगणारं कुणी नाही. पुरावा मागाल, तर एक विळा आहे आणि त्याच्यावरचं नाव.

"नाव?" आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नाव हाय?"

मी डायरी उघडली आणि वाचलं. तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ती स्वतः म्हणाली, चाचरत, परक्या अक्षरांवर जीभ अडखळत. मग पुन्हा, नीट. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे, तिला उशिरा मिळालंय.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. भाऊ. फवारणीच्याच कपड्यात, तोंडाला बांधलेला रुमाल गळ्यात. माझा फोन लागेना म्हणून त्यानं ओळखलं होतं, मी कुठं असणार ते. दारातूनच त्यानं आत्याच्या हातातली वस्तू बघितली आणि त्याचं तोंड उतरलं. "आत्या, दे ते हिकडं," म्हणत पुढं आला. मी उठून उभी राहिले. आज याची मी काही खैर ठेवली नसती.

आत्या शांतपणे म्हणाली, "आधी हात धू. औषधाचे हात हायेत. माझ्या मायचं हाय ते."

भाऊ जागच्या जागी उभा राहिला. बघता बघता त्याचा चेहरा असा झाला की माझा सगळा राग गळून पडला. तो रांजणापाशी गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि येऊन तिच्या पायाशी बसला. तिनं विळा त्याच्या हातात दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला. फ्लेक्सचं नाव कुणीच काढलं नाही. पुढं सतरा तारखेला पेटी रिकामीच राहिली, सरपंच अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

आत्यानं विळा पदरात धरला आणि माझ्याकडं वळली. "तू कंडक्टर हायस. तुला समदी गावं ठावी. माझं आजोळ ताडकळसहून किती लांब पडंल?"

परभणी डेपोचा एकेक टप्पा मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण समुद्र कसा सांगू, किती सांगू? मी बोटांवर टप्पे मोजायला लागले आणि सोडून दिलं.

तिनं स्वतःशीच मान हलवली.

"म्हंजे लय लांब हाय," ती म्हणाली. "आबा खोटं न्हाई बोलला गं मला. मीच त्याला जलमभर खोटा म्हनत बसले."